न पेटवलेलं इंजिन

मिस्त्रींना कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नसे. चहाचा कप हातात आला की आधी त्याच्या कडेवर नख आपटायचे. नारळ तर सगळेच वाजवून घेतात, मिस्त्री माठ, दाराच्या फळ्या, एसटीच्या खिडकीखालचा पत्रा, काहीही वाजवायचे. पेणला ते एका गणपतीच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. कारखान्यात मातीच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या असत. येता-जाता मिस्त्री त्यांच्या पाठीवर बोटाचं पेर आपटत आणि मालकाला सांगत, "ही दोन दिस अजून ठेवा. आत ओल हाय. रंग फुगंल." मालक सुरुवातीला चिडायचा. नंतर नंतर तोच त्यांना हाक मारून आत बोलवायला लागला.

माझी त्यांची ओळख याच सवयीतून झाली. रोह्याच्या एका कंपनीत मी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. पेणहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. एके दिवशी खाकी पँट आणि तेलाचे डाग पडलेला सदरा घातलेला एक माणूस माझ्या टेबलापाशी आला आणि एक शब्द न बोलता त्याने टाइपरायटरवर दोनदा टकटक केलं.

"बाई, मशीनचा मागचा डावा पाय सैल हाय."

मी मशीन हलवून पाहिलं. खरंच सैल होता. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून तो आवळून दिला आणि दुसऱ्या खिशातून चार घड्या घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. पेन्सिलीने लिहिलेला अर्ज होता. वर लिहिलं होतं, ‘विषय: इंजिन मोडीत न काढण्याबाबत.’

एकच अर्ज आहे, देऊ टाइप करून, असं मला वाटलं. त्यानंतरची तीसेक वर्षं मी त्या एका इंजिनाचेच अर्ज टाइप करत होते.

इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. कंपनीला लागणारा कोळसा आणि मीठ पूर्वी खाडीतून पडावांनी येई. धक्क्यापासून गोदामापर्यंत अरुंद रुळांची एक लाइन होती आणि तिच्यावर हे इंजिन डबे ओढायचं. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत कंपनीने ते कुठल्याशा बंदरातून जुनंच विकत घेतलेलं. म्हणजे रोह्यात आलं तेव्हाच ते म्हातारं होतं. आकारानेही काही फार मोठं नाही, एसटीच्या निम्मं असेल. पुढे रस्ते सुधारले, ट्रक आले, रूळ उखडले गेले आणि इंजिन गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलं. मिस्त्री आधी त्याच्यावर कोळसा टाकायला होते, मग चालवायला. इंजिन थांबल्यावर त्यांना बॉयलर हाउसमध्ये घेतलं. पण जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन शेडमध्येच जात. तिथे इंजिनाच्या पायरीवर बसून भाकरी खात.

बाकी सगळे ‘ते इंजिन’ म्हणायचे. मिस्त्री ‘ती’ म्हणायचे.

कंपनीला शेडची जागा हवी होती, म्हणून इंजिन भंगारात काढायचं ठरलं होतं. अर्ज गेला तसं मॅनेजरसाहेबांनी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं. कागद घेऊन मीही तिथे उभी होते.

"मिस्त्री, ते इंजिन ठेवून करायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"करायचं काय नाय, साहेब. फकस्त कापायचं नाय."

साहेब हसले आणि निर्णय पुढे ढकलला. त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना नवा अर्ज. ते गेले, पुन्हा नवा. मजकूर तोच असायचा, वरचं नाव तेवढं बदलायचं. मिस्त्री दरवेळी समोर बसून पूर्ण अर्ज माझ्याकडून वाचून घेत, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. मला कंटाळा यायचा. त्यांना तो येत असेल का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

शेवटी निवृत्तीला आलेल्या एका मॅनेजरांनी अर्जावर लाल पेनाने लिहिलं की इंजिन पेणच्या बागेला भेट द्यावं, मुलांना बघायला होईल. मिस्त्री खुश झाले. इंजिन ट्रेलरवर चढलं त्या दिवशी ते आतच जाऊन बसले आणि रोह्यापासून पेणपर्यंत उतरले नाहीत. नागोठण्याला विजेच्या तारा आडव्या आल्या, तेव्हा लोक बांबूंनी तारा उचलून धरत होते आणि मिस्त्री आतून ओरडून सूचना देत होते. पेणला बागेच्या दाराशी त्यांची बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "बघा बाई, सवत घरी आनली आनि ओवाळायला पन मीच." तरी तिने ओवाळलं. मिस्त्री आतून म्हणाले, "गो, निरांजन जरा लांब धर. तेल सांडलंय हितं."

इंजिन बागेत गेलं, आता सुटलो, असं मला वाटलं होतं.

उद्‌घाटन व्हायचं होतं. बागेच्या कारभाऱ्यांना वाटलं, काळंकुट्ट इंजिन शुभकार्याला बरं दिसत नाही. गणपती नुकतेच होऊन गेले होते आणि कारखान्यांतले रंगारी मोकळे होते. त्यांना बोलावलं. मिस्त्री तेव्हा कामावर. ते सुट्टीच्या दिवशी बागेत गेले तर इंजिन गुलाबी, चाकं सोनेरी आणि धुराडं निळं झालेलं. समोरच्या गोल झाकणावर दोन मोठे, रेखीव डोळे काढलेले होते, अगदी मूर्तीचे असतात तसे. डोळ्यांची आखणी हे पेणमधलं मानाचं काम, ते सगळ्यांना जमत नाही. ज्याने ते डोळे काढले तो म्हातारा रंगारी मिस्त्रींच्याच शेजारचा.

"समोरून बघितलं तर तोंडच दिसतंय," तो म्हणाला. "मग डोले नको?"

मिस्त्री त्याच्याशी भांडले नाहीत. त्यांनी इंजिनावर एक-दोन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि घरी गेले. सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, येवडा जाड रंग लावलाय, खालचं कायबी ऐकू येत नाय."

उद्‌घाटन पार पडल्यावर त्यांनी खरवडायला घेतलं. तो पूर्ण उन्हाळा रविवारच्या रविवार पत्र्याचा तुकडा आणि जुनी फडकी घेऊन ते बागेत बसत. लोकांनी हरकत घेतली, त्यावरही एक अर्ज झाला. गुलाबी गेलं, सोनेरी गेलं. डोळ्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. शेवटी त्या रंगाऱ्याला बोलावून म्हणाले, "डोले तुमी काढलेत. मी खरवडनार नाय. पुसायचे तर तुमीच पुसा." म्हाताऱ्याने फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि आधी उजवा, मग डावा, असे दोन्ही डोळे स्वतः पुसले. मग दोघे बाकावर बसून विडी ओढत होते. मी भाजी घेऊन घरी चालले होते, तेव्हा बघितलं.

चोऱ्याही व्हायच्या. पितळेचं जे जे होतं ते हळूहळू नाहीसं झालं. आधी नावाची पाटी, मग वाफेचा दाब दाखवणारी काचेची घड्याळं, मग शिट्टी. शिट्टी गेली तेव्हा मिस्त्री रोह्यापर्यंतचे सगळे भंगारवाले फिरले आणि एका दुकानात त्यांना ती सापडली. भंगारवाला म्हणाला, पितळ वजनावर आहे, तेवढ्या वजनाचं दुसरं काही आणून दे. मिस्त्री घरी आले, बायकोचा तांब्याचा हंडा रिकामा केला आणि घेऊन गेले. तो हंडा तिच्या आईने लग्नात दिलेला होता.

ती काही बोलली नाही म्हणे. फक्त त्यानंतर अंघोळीचं पाणी अॅल्युमिनियमच्या डेगेत तापू लागलं आणि कुणी पाहुणी आली की ती मुद्दाम त्या डेगेकडे बोट दाखवून म्हणायची, "आमचा हंडा शिट्टी वाजवायला गेलाय." मिस्त्री अशा वेळी उठून बाहेर जात.

मधल्या काळात रोह्यापर्यंत रेल्वे झाली होती. कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी गेली. मिस्त्री निवृत्त झाले. मला पेणमध्येच एका वकिलांच्या ऑफिसात काम मिळालं. वकीलसाहेब माणूस उमदा. गावासाठी काहीतरी करावं असं त्यांना मनापासून वाटायचं. एकदा मिस्त्री अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे आले असताना साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "नुसतं वाचवून काय होणार? हे चालू करू या."

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी कापू नका एवढंच मागितलं होतं.

वकीलसाहेबांनी समिती काढली. लोक उत्साहाने आले. धाटावच्या एका वर्कशॉपने बॉयलरच्या आतल्या नळ्या नव्या करून दिल्या. बागेत साठ-सत्तर पावलांचा रूळ टाकला. मिस्त्री सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच. बायको दुपारी डबा घेऊन येई आणि इंजिनाच्या सावलीत बसून राही. दोन वर्षं हे चाललं. तेवढ्या काळात मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. चालवणार अर्थात तेच. त्यासाठी बायकोने त्यांना नवा खाकी सदरा शिवून घेतला होता.

दिवस ठरला. मंत्र्यांना बोलावलं. सरकारी तपासणीला वेळ लागणार होता. वकीलसाहेब म्हणाले, तोवर मिस्त्रींच्या सहीचा एक दाखला असू दे, पुढचं मी बघतो. दाखला मीच टाइप केला. चारच ओळींचा होता. सदर बॉयलर मी स्वतः तपासला असून तो पेटवण्यास योग्य आहे, असा मजकूर.

कार्यक्रमाला दोन दिवस होते. दुपारी मी तो कागद सहीसाठी घेऊन बागेत गेले तेव्हा मिस्त्री इंजिनाखाली उताणे पडले होते आणि लहान हातोडीने बॉयलरचं पोट वाजवत होते. ठण, ठण, ठण असा आवाज येत होता. मग एके ठिकाणी ठब असा आला. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा ठण, ठण आणि त्याच जागी पुन्हा ठब. मलासुद्धा फरक कळला.

ते सरकत बाहेर आले. छातीवर गंजाची भुकटी पडली होती.

"बाई, कागद परत न्या."

संध्याकाळी वकीलसाहेबांच्या ऑफिसात समितीचे सगळे जमले. मिस्त्री बसले नाहीत, दाराशी उभे राहिले.

"नेमकं बिघडलंय काय?" साहेबांनी विचारलं.

"पोटाखालचा पत्रा गेलाय. बागेत मातीला टेकून हुबी व्हती, ओल लागली. आतून खाल्लाय."

"दिसतंय का कुठे?"

"दिसत नाय. ऐकू येतं."

कोपऱ्यातलं कुणीतरी हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मिस्त्री, साठ पावलं जायचंय. काय मुंबईला न्यायचंय?"

"वाफेला साठ पावलं ठावं नसतात, साहेब."

"प्रेशर कमी ठेवू."

"मानसं किती येनार?"

"येतील हजारभर."

"आनि पोरं सगली पुढं हुबी राहनार."

मग साहेब थोडे चढ्या आवाजात म्हणाले, "मंत्री येतायत. पत्रिका वाटून झाल्यात. तुमची नसेल तर दुसऱ्या कुणाची सही घेऊ."

"घ्या. मी दारात हुबा राहीन आनि येनाऱ्या एकेकाला सांगेन."

तेव्हा मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मिस्त्री, इतकी वर्षं तुम्हीच तर मागे लागला होतात. आता एका दिवसाचा प्रश्न आहे. करा ना सही."

मी असं का म्हणाले, याचा नंतर पुष्कळ विचार केला. साहेब माझे मालक होते, हे एक कारण. पण खरं कारण असं की मी दमले होते. कधीतरी हे प्रकरण एकदाचं गोड व्हावं आणि संपावं, असं मला वाटत होतं. दुपारी तो आवाज मी स्वतः ऐकला होता, तरी.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते नव्हते. बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमाला त्यांनी उस्तादाचं कदी सांगितलं नाय ना? मला पन लग्नानंतर धा वर्सांनी सांगितलं."

तिने सांगितलं ते असं. मिस्त्री नवे लागले तेव्हा इंजिन चालवायला रोह्याचे एक उस्ताद होते. वाजवून ऐकायला त्यांनीच शिकवलं. एका सकाळी उस्ताद म्हणाले, आज हिचा आवाज निराळा येतोय. मिस्त्री तेव्हा विशीतले. ते हसले आणि म्हणाले, उस्ताद, तुमचेच कान म्हातारे झालेत. उस्तादही हसले आणि इंजिन घेऊन निघाले. धक्क्याजवळ आतली एक नळी फुटून वाफ सुटली. मिस्त्री पाणी आणायला खाली उतरले होते, म्हणून वाचले. उस्ताद आत होते.

"दोन दिस जित्ता व्हता," ती म्हणाली. "हे उशाशी बसून व्हते. तवापासून हात असा टकटक करतोय. झोपेतपन."

ताटातले तांदूळ तिने डब्यात ओतले आणि नवे घेतले. मी थोडा वेळ बसले आणि निघून आले.

कार्यक्रम झाला. सही कुणीच केली नाही, हेही सांगायला हवं. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही कारण काढलं. मंत्री आले नाहीत. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या, धुराड्यात ओला पेंढा पेटवून धूर केला आणि मागून वीस माणसांनी ढकललं. शिट्टीचा आवाज लाउडस्पीकरवरून लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कुणाला फसवल्यासारखं वाटलं नसेल असं नाही.

मग बोलणी सुरू झाली. इंजिन मिस्त्रींनी मारलं, असं लोक म्हणायला लागले. कुणी म्हणे, कार्यक्रमाच्या कोनशिलेवर स्वतःचं नाव नव्हतं म्हणून म्हाताऱ्याने सूड घेतला. कुणी म्हणे, मुळात त्याला चालवताच येत नव्हतं. नाक्यावरच्या हॉटेलात ते शिरले की आतले लोक मोठ्याने शिट्टीचा आवाज काढत. त्यांनी तिथे जाणं सोडलं. वकीलसाहेब त्यांच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. समिती मोडली, आणि मिस्त्रींनी हट्ट केला नसता तर हा दिवस आला नसता, असं जो तो म्हणाला. मी त्यांच्या घराकडे वर्षभर फिरकले नाही.

वर्षाने तेच आले. साहेब कोर्टात गेल्याची वेळ बघून आले असावेत. टेबलासमोर बसले आणि कागद पुढे केला. ‘विषय: इंजिनाखाली लाकडी स्लीपर घालण्याबाबत.’ मी टाइप केला. त्यांनी पूर्ण वाचून घेतला, सही केली आणि गेले. मागचं कुणीच काढलं नाही.

त्यानंतर त्या इंजिनाची फार दैना झाली. बाग नव्याने करायची ठरली, तेव्हा ते उचलून एका पडक्या आवारात टाकलं. तिथे त्यात कुत्री व्यायली, वेली चढल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कंपनीने भेट दिल्याचा कागद कधी पुरा झालाच नव्हता. कंपनी तर बंद झालेली. मालक कोण ते ठरेना. दोन ऑफिसांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि शेवटी इंजिन परत रोह्याला नेऊन एका मोकळ्या प्लॉटवर, तारेच्या कुंपणात ठेवलं. यातल्या प्रत्येक पायरीला अर्ज होते. मिस्त्री दर रविवारी पॅसेंजरने रोह्याला जात, बरोबर जुन्या ऑइलचा डबा आणि फडकी. जिथे हात पोचेल तिथे तेल चोळून येत. एका डोळ्याला मोतीबिंदू झाल्यावर बायकोने मला सांगितलं, कधीमधी जात जा बरोबर. मीही तोवर निवृत्त झाले होते. वकीलसाहेब वारले होते.

मग शहरातल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. आमच्या कुठल्या अर्जाला आलेलं ते उत्तर होतं, हे मला आठवेना. आम्ही इंजिन पाहायला येत आहोत, बॉयलर चांगला निघाला तर ते चालू करण्याचा विचार आहे, असं त्यात होतं. मी ते वाचून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं.

पाहायला एक तरुण इंजिनिअर मुलगी आली, बरोबर दोन कामगार. तिने मिस्त्रींना वाकून नमस्कार केला, "काका, तुम्हीच चालवायचात ना हे?" असं विचारलं आणि त्यांना खुर्ची आणून दिली. मग तिने काय करणार ते नीट सांगितलं. बॉयलर पाण्याने भरायचा, आग लावायची नाही, हातपंपाने पाणी दाबायचं आणि काटा किती चढतो ते बघायचं. गार पाणी असल्यामुळे काही झालं तरी धोका नाही.

पंप सुरू झाला. कामगार दांडा वर-खाली करत होता आणि मुलगी आकडे मोठ्याने वाचत होती. काटा हळूहळू चढायला लागला. मिस्त्री खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. काटा अजून थोडा चढला आणि मुलीने आमच्याकडे बघून मान डोलावली. त्या क्षणी मला वाटलं, चांगला निघणार.

जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. बॉयलरच्या पोटाखालून पाण्याची धार सुटली, मग वीतभर फट पडली आणि सगळं पाणी भसकन खाली आलं. लाल पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. काटा शून्यावर गेला. चालवायला लागतं त्याच्या निम्म्यावरही तो पोचला नव्हता.

मुलगी बॅटरी घेऊन खाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काका, पत्रा कागदाएवढा पातळ राहिलाय. आणि हे आजचं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीही हे असंच असणार. कुणी कधी पेटवलं नाही हे नशीब."

"पेटवणार होते," मी म्हणाले. "यांनी पेटवू दिलं नाही."

ती मिस्त्रींकडे बघत राहिली. मला वाटत होतं, या वेळी वकीलसाहेब हवे होते, ती समिती हवी होती, हॉटेलात शिट्ट्या मारणारे हवे होते. तिथे फक्त मी होते, आणि मी त्यांच्यातलीच एक होते.

"मी रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिते," मुलगी म्हणाली. "तुम्हाला त्याची एक प्रत पाठवते."

"नको," मिस्त्री म्हणाले. "कोनाला दाखवू?"

इंजिन त्यांनी तरीही नेलं. आता ते छपराखाली, चबुतऱ्यावर उभं आहे, स्वच्छ काळं. बॉयलरची फट बुजवलेली आहे आणि ते कधीही पेटवायचं नाही असं पाटीवर लिहिलं आहे. मी जाऊन बघून आले. मिस्त्री गेले नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात ते वारले.

पण तपासणीच्या त्या दिवशी आम्ही दोघं दुपारच्या गाडीने पेणला परत निघालो. डबा जवळजवळ रिकामा होता. निडी स्टेशन गेलं. मिस्त्री खिडकीतून बाहेर बघत होते. मी हिंमत करून म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी मीही तुम्हाला सही करा म्हणाले होते."

"व्हय. म्हनाला व्हतात."

"तुमचं बरोबर होतं. आज सगळ्यांसमोर सिद्ध व्हायला पाहिजे होतं."

त्यांनी खिडकीखालचा पत्रा बोटाने वाजवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी इतकी वर्सं देवाकडं एकच मागनं मागत व्हतो. माजं चुकलेलं निगू दे."

मला कळलं नाही. "असं का?"

"मी चुकलो असतो," ते म्हणाले, "तर ती आज चालली असती ना."